सॉकेट बदलला, तरी पुन्हा ‘नो डिस्प्ले’: प्रोसेसर सॉकेटचा फिरून येणारा फॉल्ट

तक्रार ठरलेली असते. डेस्कटॉपचा बोर्ड ‘नो डिस्प्ले’ म्हणून येतो, प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटच्या पिना वाकलेल्या किंवा तुटलेल्या दिसतात, सॉकेट बदलला जातो, मशीन चालू होऊन जाते. दोन-तीन महिने बरे चालते. मग एका चॅनेलची (प्रोसेसर आणि रॅममधल्या दोनांपैकी एका मार्गाची) रॅम दिसेनाशी होते, किंवा सकाळी थंड असताना मशीन उठत नाही आणि दहा मिनिटांनी उठते. शेवटी पुन्हा काळा पडदा. दोष नव्या सॉकेटवर ढकलला जातो, आणखी एक सॉकेट मागवला जातो आणि तोच खेळ परत सुरू होतो.

नवा, पॅकबंद सॉकेट खराब निघणे फार क्वचित घडते. परत आलेल्या बोर्डांत कारणे सहसा तीनच सापडतात: बोर्ड न वाळवता तापवला, खालून उष्णता कमी पडली, किंवा सॉकेट बसवताना फ्लक्स (सोल्डर नीट धरावा म्हणून लावायचे रसायन) पिनांपर्यंत चढला. गोव्यात पहिले कारण सर्वांत जास्त भोवते, म्हणून त्याला खाली जास्त जागा दिली आहे.

हे सगळे मुख्यतः इंटेलच्या एलजीए (पिना सॉकेटमध्ये असलेल्या) सॉकेटना लागू आहे: ११५५, ११५०, ११५१, १२०० आणि १७००. एएमडीच्या एएम-५ लाही लागू आहे, कारण २०२२ पासून त्यांच्या साध्या डेस्कटॉपच्याही पिना सॉकेटमध्ये आल्या. एएम-४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. तिथे सॉकेट स्वतःहून क्वचितच जातो. वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे प्रोसेसर कूलरला चिकटतो आणि लिव्हर बंद असतानाच उपटून येतो, त्यात बहुधा प्रोसेसरच्या पिना वाकतात. मशीन दहा मिनिटे चालवून गरम करावे, बंद करावे आणि कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे पिळून सोडवावा. एएम-४ चा प्रश्न एवढ्यानेच बराचसा मिटतो.

सॉकेट खरोखर बदलायलाच हवा का?

सॉकेट काढणे हा बोर्डावरचा सर्वांत मोठा घाव आहे. त्याआधी अर्धा तास तपासणीला द्यावा.

पिना तिरक्या उजेडात बघाव्यात. टेबलावरचा दिवा एका बाजूला खाली ठेवून मोबाईलच्या कॅमेऱ्याने फोटो घेतला, तर सरळ पिनांची टोके माशाच्या खवल्यांसारखी एका ओळीत चमकतात. ज्या जागी ती चमक तुटते तिथे पीन वाकलेली आहे. बोर्ड नव्वद अंशांत फिरवून पुन्हा बघावे, कारण एका दिशेने वाकलेली पीन दुसऱ्या दिशेने सरळच दिसते. वाकलेली पीन बारीक सुईने किंवा अर्ध्या मिलिमीटरच्या रिकाम्या पेन्सिलीच्या नळीने उचलता येते. एका हालचालीत, थोडीच, आणि मागे-पुढे न करता. दोनदा-तीनदा वाकवलेली पीन मुळाशी तुटते.

तुटलेली पीन असेल तर तिचे काम काय ते पिनआउटच्या (कोणती पीन कशासाठी ते दाखवणाऱ्या) नकाशावर शोधावे. ग्राउंडच्या आणि कोअर व्होल्टेजच्या (प्रोसेसरला वीज देणाऱ्या) पिना शेकड्यांनी असतात; त्यातली एखादी गेली तर मशीन चालते. राखीव पीन गेली तरी सहसा फरक पडत नाही. रॅमच्या डेटाची पीन गेली तर तेवढा चॅनेल जातो, ग्राफिक कार्डाच्या लेनची (डेटाच्या वाटेची) गेली तर स्लॉटची रुंदी कमी होते. बिलिंगच्या मशीनला एका चॅनेलची रॅम पुरते. अशा बोर्डाला हात न लावणे हीच चांगली दुरुस्ती, आणि ग्राहकाला तसे स्पष्ट सांगावे.

पिना सगळ्या ठीक दिसतात आणि तरी फॉल्ट आहे, तेव्हा ड्राय सोल्डर (जोडलेला दिसणारा पण सुटलेला सांधा) शोधायचा. त्यासाठी साध्या मल्टिमीटरवर होणारी एक तपासणी आहे, जी फार थोडे लोक करतात. सप्लायची वायर काढावी, रॅम काढावी, प्रोसेसर मात्र सॉकेटमध्ये बसवलेला ठेवावा. मीटर डायोडवर ठेवून लाल प्रोब ग्राउंडला आणि काळा प्रोब रॅम स्लॉटच्या एकेका डेटा लाइनला लावत जावे. प्रोसेसरच्या आतल्या डायोडमुळे सगळ्या डेटा लाइनी जवळपास सारखेच आकडे दाखवतात. एखादी लाइन ‘ओएल’ दाखवत असेल तर ती सॉकेटपाशी तुटलेली आहे: पीन लागत नाही, नाहीतर खालचा सांधा सुटला आहे. त्याच लाइनवर प्रोब धरून सॉकेटचा कोपरा बोटाने हलका दाबावा. आकडा येतो-जातो असे झाले तर दोष सॉकेटपाशीच आहे हे पक्के. प्रोसेसर काढून त्याचे पॅड (खालचे सोनेरी ठिपके) स्वच्छ करून परत बसवल्यावरही दाबाने आकडा बदलत असेल, तर खालचा सांधा धरावा. प्रोसेसरचे पॅड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावेत. खोडरबर वापरू नये. त्याचा चुरा सॉकेटमध्ये जातो आणि पॅडवरचा सोन्याचा थर झिजतो.

एक हिशोब आधीच करून ठेवावा. सॉकेट, मजुरी आणि बोर्ड हातचा जाण्याचा धोका धरून खर्च त्याच मॉडेलच्या जुन्या चालू बोर्डाच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर सॉकेट बदलू नये. साध्या जुन्या बोर्डांचा हिशोब बहुधा इथेच संपतो. महाग बोर्ड, सर्व्हरचा बोर्ड, किंवा ज्याच्यावर एखाद्या यंत्राचे सॉफ्टवेअर बांधलेले आहे असा बोर्ड, यांच्यासाठी मात्र पुढचे सगळे कष्ट सार्थकी लागतात.

ओलावा

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या काळात बोर्डाचा फायबर हवेतले पाणी शोषून घेतो. बोर्ड चालू असतो तेव्हा स्वतःच्या उष्णतेने थोडा कोरडा राहतो. बंद पडलेला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेला बोर्ड सर्वांत जास्त ओला असतो. दुरुस्तीला येतो तो नेमका हाच. किनाऱ्यावरच्या शॅकची (हंगामी खानावळींची) बिलिंग मशीन मे अखेरीस आवरली जातात आणि ऑक्टोबरात बाहेर निघतात. मधले चार महिने ती ओल पीत असतात, वर खारा वारा.

असा बोर्ड थेट २४० अंशांना नेला तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि थर एकमेकांपासून सुटतात. कधी फुगवटा डोळ्यांना दिसतो आणि ‘फट्’ असा आवाज येतो. जास्त वाईट प्रकार तो, ज्यात काहीच दिसत नाही: आतल्या थरात थरांना जोडणाऱ्या तांब्याच्या नळीला बारीक चीर पडते. तापमान बदलले की ती कधी जुळते, कधी उघडते. दोन महिन्यांनी परत येणारा, सकाळी न उठणारा बोर्ड आठवा. या चिरेला सॉकेट बदलून कधीच उपाय होत नाही.

म्हणून आधी वाळवणे. सीआर २०३२ सेल, स्टिकर, हीटसिंक आणि त्याखालचे थर्मल पॅड काढावेत. बोर्ड ८५ अंशांवर किमान १२ तास, पावसाळ्यात २४ तास ठेवावा. याहून जास्त तापमान नको, कारण बोर्डावरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १०५ अंशांचे असतात. घरातला खाण्याचा ओव्हन यासाठी वापरू नये. फ्लक्सचे आणि सोल्डरचे अंश त्यात बसतात. वाळवलेला बोर्ड त्याच दिवशी कामाला घ्यावा. रात्रभर उघडा राहिला आणि बाहेर पाऊस असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळवणे आले.

मिठाचे काम वेगळे. म्हापसा, पणजी, वास्को, मडगाव अशा किनाऱ्याजवळच्या पट्ट्यातून आलेल्या बोर्डावर सॉकेटच्या कडेला हिरवट किंवा पांढरी पूड दिसते. डिचोली किंवा वाळपईकडून आलेल्या बोर्डावर ती कमी असते, ओल मात्र तेवढीच. पूड असेल तर वाळवण्याआधी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा. ९९ टक्क्यांचे घ्यावे. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्केवाल्यात ३० टक्के पाणीच असते.

साहित्य

खालून तापवणारा मोठा हीटर असलेले बीजीए रीवर्क यंत्र (खाली सोल्डरचे बारीक बॉल असलेले भाग काढण्या-बसवण्याचे). फक्त हातातल्या हॉट एअरने सॉकेट निघतो, पण त्याबरोबर बोर्डावरचे पॅडही निघतात, म्हणून तो मार्ग सोडून द्यावा. के प्रकारचे तीन थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा). चिकट नो-क्लीन फ्लक्स, खात्रीच्या दुकानातला. नावाजलेल्या डबीत भलताच माल भरून सर्रास विकतात. तीन मिलिमीटरची डिसोल्डरिंग वायर, रुंद चाकूच्या आकाराची सोल्डर टिप, हीट टेप, ॲल्युमिनियम फॉइल, हवेच्या दाबावर उचलणारा व्हॅक्युम पेन. आयएलएमच्या (प्रोसेसर दाबून धरणाऱ्या धातूच्या चौकटीच्या) स्क्रूंसाठी टी-२० टॉर्क्स.

सॉकेट नवाच घ्यावा, खाली बॉल लागलेला आणि वर प्लास्टिकची टोपी असलेला. जुन्या बोर्डावरून उतरवलेला, रीबॉल केलेला (नवे बॉल लावलेला) सॉकेट स्वस्त पडतो, पण तो दोनदा तापून वाकलेला असतो. ११५० आणि ११५१ एकमेकांसारखे दिसतात, एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पाकीट उघडण्याआधी आकडा वाचावा.

विजेचा बंदोबस्त हाही साहित्यातच धरावा. साडेचार किलोवॅटचे यंत्र २३० व्होल्टला जवळपास २० अँपिअर घेते. त्यामुळे १६ अँपिअरचा साधा पॉइंट पुरत नाही, स्वतंत्र वायर आणि एमसीबी लागते. व्होल्टेज २०० वर आले तर हीटरची ताकद जवळपास एक चतुर्थांशाने घटते. सकाळी नीट बसलेले प्रोफाइल (किती वेळात किती तापवायचे तो क्रम) संध्याकाळी, शेजारीपाजारी सगळे दिवे-पंखे सुरू असताना, अपुरे पडते ते यामुळे. काम सुरू करण्याआधी व्होल्टेज मोजावे. घरगुती इन्व्हर्टर एवढा भार उचलत नाही, म्हणून ढग गडगडत असताना हे काम हाती घेऊ नये. तरीही मध्येच वीज गेली तर: बोर्ड १८० अंशांच्या खाली असेल तर तसाच थंड होऊ द्यावा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी, सोल्डर वितळलेला असेल तर कशालाही हात लावू नये, अगदी यंत्र ढकलूही नये.

सॉकेट काढणे

बोर्ड खाली लवू नये म्हणून चारी बाजूंना आणि सॉकेटच्या बरोबर खाली आधार द्यावा. मायक्रो-एटीएक्स बोर्ड २४४ मिलिमीटरचा चौकोन असतो. मधोमध आधार नसेल तर तापल्यावर स्वतःच्या वजनाने मध्ये दबतो. मग मधले सांधे सुटतात आणि कोपऱ्यांचे बॉल एकमेकांना चिकटतात.

रॅमचे स्लॉट, जवळचे कपॅसिटर आणि ग्राफिक कार्डाचा स्लॉट हीट टेप व वरून फॉइलने झाकावेत. सॉकेटच्या मधल्या चौकोनात बारीक सिरॅमिक कपॅसिटर असतात. सोल्डर वितळल्यावर ते तरंगतात, म्हणून तिथे जोराची हवा नको आणि आधी त्यांचा फोटो काढून ठेवावा.

थर्मोकपल तीन जागी: सॉकेटच्या कोपऱ्याशी बोर्डावर, सॉकेटखाली बोर्डाच्या मागच्या बाजूला, आणि सॉकेटच्या माथ्यावर. यंत्राच्या पडद्यावर २४० दिसत असताना सांधा २०५ वरच असू शकतो. कारखान्यातला शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांना वितळायला लागतो, म्हणजे २०५ ला तो अजून दगड आहे. त्या क्षणी सॉकेट ओढला की पॅड उपटले.

सुरुवातीला फक्त खालचा हीटर लावावा आणि चार-पाच मिनिटांत बोर्ड १५० ते १६० पर्यंत आणावा. घाई केली तर बोर्ड वाकतो. मग वरची उष्णता. सांध्यापाशी २३० ते २३५ आल्यावर चिमट्याच्या टोकाने सॉकेटला अगदी हलके ढकलून बघावे. तो किंचित सरकून आपोआप जागेवर परत आला, तर सगळे बॉल वितळले आहेत. एक कोपरा अडला तर आणखी १५-२० सेकंद थांबावे. मग व्हॅक्युम पेनने सरळ वर उचलावा. स्क्रू ड्रायव्हरने कड वर करायला जाऊ नये.

पॅड साफ करताना खालचा हीटर १२० अंशांवर चालूच ठेवावा. सोल्डरिंग आयर्न ३५० ते ३७० वर. प्रत्येक ओळीवर थोडा शिशाचा सोल्डर फिरवून जुना मऊ करावा आणि मग डिसोल्डरिंग वायरने उचलावा. वायर घासायची नाही, ठेवून, गरम करून, आयर्नसकट उचलायची. वायर पॅडला चिकटलेली असताना ओढली तर पॅड सोबत येतो. शिशाचा अंश पॅडवर राहू देऊ नये: नव्या बॉलमध्ये तो अर्धवट मिसळला तर सांधा आतून एकसारखा बनत नाही, आणि असा सांधा काही महिन्यांत तडकतो.

एखादा पॅड गेलाच तर नकाशावर बघावे. रिकामा किंवा राखीव असेल तर सोडून द्यावा. सिग्नलचा असेल तर बारीक तांब्याच्या तारेने पॅड परत बांधून त्यावर यूव्ही मास्क (अतिनील उजेडात घट्ट होणारा लेप) लावता येतो. असे दोन-तीन पॅड जमतात. त्याहून जास्त असतील तर बोर्ड सोडलेला बरा.

बसवणे, आणि फ्लक्सची चूक

फ्लक्स ब्रशने इतका पातळ पसरावा की खालचे पॅड स्पष्ट दिसले पाहिजेत. जास्त फ्लक्स उकळतो, सॉकेट त्यावर तरंगून सरकतो, आणि पातळ झालेला फ्लक्स पिनांच्या बुडाशी असलेल्या फटींतून वर चढतो. थंड झाल्यावर पिनांच्या टोकांवर त्याचा न दिसणारा पापुद्रा राहतो. मशीन पहिल्या दिवशी चालते, कारण नव्या पिनांचा दाब तो पापुद्रा भेदतो. मग पावसाळ्यात तो ओल धरतो आणि रॅमचा चॅनेल जायला लागतो. ‘नवा सॉकेट खराब निघाला’ अशी तक्रार ज्या बोर्डांची येते, त्यात ही चूक सर्वांत आधी शोधावी. भिंगाखाली पिनांची टोके पिवळसर किंवा मंद दिसतात. सौम्य प्रकारात आयसोप्रोपिल अल्कोहोल भरून, बोर्ड तिरपा करून निथळवून, हलक्या हवेने दोन-तीनदा धुतल्यावर काम भागते. टूथब्रश लावू नये, त्याचे केस पिनांत अडकून त्या वाकवतात.

पहिल्या पिनेचा त्रिकोण जुळवून, बोर्डावरच्या छापील रेघांशी चारी बाजूंचे अंतर सारखे ठेवून सॉकेट बसवावा. टोपी वरच राहू द्यावी. १५० ते १८० अंशांच्या दरम्यान ६० ते ९० सेकंद, मग सांध्यापाशी २३५ ते २४०, आणि २१७ च्या वर एकूण ६० ते ९० सेकंद. सॉकेटचा माथा २५० च्या वर जाऊ देऊ नये. खोलीतला पंखा बंद. धुरासाठी एक्झॉस्ट, पण तो बोर्डावर वारा घालणारा नको. यंत्र बंद केल्यावर १०० अंशांच्या खाली येईपर्यंत बोर्ड हलवू नये आणि फुंकरही मारू नये. नवा आकार किंवा नवी जाडी असेल तर आधी तशाच एका मेलेल्या बोर्डावर पूर्ण प्रोफाइल चालवून आकडे लिहून ठेवावेत.

सुपूर्द करण्याआधी

एका बाजूने टॉर्च धरून दुसऱ्या बाजूने कडेच्या बॉलच्या ओळीतून आरपार बघावे. उजेड सगळीकडे सारखा यायला हवा. १२ व्होल्टच्या आणि कोअर व्होल्टेजच्या लाइनला ग्राउंडशी शॉर्ट नाही ना, ते त्याच मॉडेलच्या चांगल्या बोर्डाशी ताडून बघावे. एलईडीवाला सॉकेट टेस्टर असेल तर लावावा. मग सर्वांत स्वस्त, चालू असल्याची खात्री असलेला प्रोसेसर घालून वर सांगितलेली डायोडची तपासणी सगळ्या रॅम स्लॉटवर करावी. ‘ओएल’ एकही नको. ग्राहकाचा महागडा प्रोसेसर पहिल्या फेरीत घालू नये.

नंतर दोन्ही चॅनेलमध्ये रॅम घालून मेमटेस्टच्या (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामच्या) चार फेऱ्या, ग्राफिक कार्डाची लेन पूर्ण रुंदीने मिळते का ते, आणि एक तास पूर्ण भार. त्यानंतर मशीन रात्रभर बंद ठेवून सकाळी थंड सुरू करावे, असे दोन दिवस. केसासारखी बारीक चीर आणि अर्धा सांधा याच थंड सुरुवातीत पकडले जातात. गरम बोर्डावरच्या चाचणीत ते लपू शकतात.

आयएलएमचे स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून आवळावेत. १७०० मध्ये लांबट प्रोसेसर मधोमध दाबला जाऊन किंचित वाकतो, म्हणून तिथे कॉन्टॅक्ट फ्रेम (आयएलएमच्या जागी बसणारी, कडेने सारखा दाब देणारी चौकट) बसवणे चांगले. ती बसवताना जास्त आवळली तर पुन्हा रॅमचा चॅनेल जातो, आणि स्क्रू पाव फेरी सैल केल्यावर परत येतो. सॉकेट नव्याने फोडण्याआधी ही पाव फेरी करून बघावी.

टोपी प्रोसेसर बसल्यावरच निघावी आणि ती ग्राहकाला बॉक्ससोबत द्यावी. पुढच्या मे महिन्यात मशीन आवरले जाणार असेल तर प्रोसेसर सॉकेटमध्येच ठेवून, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायला सांगावे. रंग बदललेले जेल १२० अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा कामाला येते. डबा नसेल तर आठवड्यातून दोनदा मशीन तासभर चालू करावे, चतुर्थीच्या सुट्टीतसुद्धा.